बाण

प्रयोगशाळा तळघरात आहे.
इथे उजाडतं ते ट्यूबलाइटनं,
आणि वर उलानबातरमध्ये, जानेवारीत,
कोळशाच्या धुराला विचारून.

बेचाळीस नंबरची कुपी दांबादरजाची.
वय एकाहत्तर. उणे तीस अंशांत
रुग्णवाहिका टेकडीवरच्या वस्तीत चढेना,
म्हणून जावयानं पाठुंगळीला घेऊन खाली आणला.
विषाणू नाकातून छातीत उतरलेला,
श्वास जुन्या भात्यासारखा,
आवाज जास्त, वारा कमी.

मशीननं दोन आकडे दिले.
दाहाचा, एकशे चाळीस.
ड जीवनसत्त्वाचा, अकरा.
एक कड्याच्या टोकावर,
दुसरा विहिरीच्या तळाशी.

डॉक्टर अरिउनझुलला या दोहोंमध्ये बाण हवा आहे.
बासष्ट रुग्ण, बासष्ट ओळी,
आणि बहुतेक ओळींत हेच: हा वर, तो खाली.
ती म्हणते, दाह म्हणजे चूल.
चूल हवीच, तिच्यावाचून विषाणू जळत नाही,
पण झडप उघडीच राहिली
तर चूल तंबू खाते.
हे जीवनसत्त्व म्हणजे झडपेवरचा हात असावा.

असावा.
या एका क्रियापदावर मी तीन हिवाळे काढलेत.

कारण उलटंही असू शकतं.
आग विझवता विझवता घरातलं पाणी संपतं;
शेजाऱ्यानं सकाळी रिकामा हंडा बघून म्हणू नये
की पाणी नव्हतं, म्हणून घर पेटलं.
ताप चढला की हा आकडा आपसूकही उतरतो.
किती आपसूक, ते कुपी सांगत नाही.

दुसऱ्यांदा रक्त घ्यायला वॉर्डात गेले
तेव्हा म्हाताऱ्यानं मास्क बाजूला केला:
"पोरी, माझ्यात ऊन किती उरलंय?"
त्याला कुणी सांगितलं कोण जाणे.
"अकरा."
"अकरा काय? मेंढ्या?"
हसला. हसण्याचा खोकला झाला,
आणि नर्सची बोलणी मला बसली.

मग दम खात खात:
गावाकडे तंबूचं दार दक्षिणेला.
माथ्यावरच्या चक्रातून ऊन आत पडायचं,
भिंतीवरून सरकत वेळ सांगायचं.
खाटेच्या पायाशी आलं
की मेंढ्या परतायची वेळ.
मग एका हिवाळ्यात बर्फाखाली गवत गेलं,
गवतामागून मेंढ्या,
मेंढ्यांमागून आम्ही इथे.
दार अजून दक्षिणेलाच आहे.
ऊन धुराच्या वरनंच निघून जातं.

त्या रात्री पाळी संपताना मी माझीच शीर टोचली.
नऊ.
त्याच्याहून दोन खाली,
आणि सबंध हिवाळ्यात मला साधी शिंक नाही.
त्रेसष्टावी ओळ लिहू का, विचारलं.
डॉक्टर म्हणाली, तू आजारी नाहीस,
तुला धरता येत नाही.

बाण काढणं दोन तऱ्हांचं असतं.
कागदावर उमटवायचा,
नाहीतर छातीत रुतलेला उपसायचा.
मला पहिलं जमेना,
दुसरं माझं काम नव्हे.

नवव्या दिवशी दाह बावीसवर आला.
जीवनसत्त्व त्या दिवशी कुणी मोजलंच नाही,
किट संपले होते.
दांबादरजाला खिडकीपाशी खुर्ची दिली,
धूर जरा फाटला होता.
त्यानं दोन्ही तळहात उघडून मांडीवर ठेवले,
कुणीतरी त्यात वाढणार असल्यासारखे.
काचेतून ऊब येते, ते दुसरं येत नाही;
आणि जानेवारीच्या तिरप्या उन्हात
ते दुसरं असतंच किती.
मला ठाऊक होतं. बोलले नाही.

भिंतीवरच्या पट्ट्याकडे बघून तो म्हणाला,
"साडेअकरा झाले."
घड्याळात अकरा पस्तीस.
घड्याळ पाच मिनिटं पुढे,
की तो पाच मिनिटं मागे,
तेही मला ठरवता आलं नाही.